घसारा यंत्राचा आणि माणसाचा

मोटारी धुण्याच्या केंद्रात उच्च दाबाचा जो पंप बसवलेला असतो, त्याच्याबरोबर देखभालीची एक पुस्तिका येते. पहिल्या 50 तासांच्या कामानंतर पंपातील तेल बदलावे, पुढे साधारणपणे दर 500 तासांनी बदलत जावे, पाणी आत येते त्या तोंडाशी असलेली जाळी स्वच्छ ठेवावी, पंप कोरडा चालवू नये, सील झिजून पाणी ठिबकू लागले की पंप थांबवून दुरुस्ती करून घ्यावी, अशा सूचना तीत असतात. त्या वाजवी आहेत आणि शहाणा मालक त्या पाळतो. सरकारही यंत्राच्या बाबतीत उदार आहे. यंत्र वापराने झिजते हे तत्त्व आयकराच्या कायद्याला मान्य असून, सर्वसाधारण यंत्रसामग्रीच्या घटत्या किमतीवर दरसाल 15 टक्के घसारा उत्पन्नातून वजा करण्याची मुभा मालकाला मिळत आली आहे. मात्र त्याच पंपाची गन हातात धरून ओल्या फरशीवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पायांना चिखल्या होतात, बोटांची कातडी सोलवटते, कंबर धरते, त्या झिजेचा घसारा कोणत्याही ताळेबंदात दाखवला जात नाही.

गेली काही वर्षे या धंद्यात आधुनिकीकरणाचा मोठा डंका पिटला जात आहे. बादली आणि फडके गेले, फोमची तोफ आली. रॅम्प गेला, हायड्रॉलिक लिफ्ट आली. मोठ्या शहरांत तर मोटार आत शिरून आपोआप धुऊन बाहेर पडते अशी यंत्रेही आली. उपकरणे सुधारा म्हणजे धंदा सुधारेल आणि धंदा सुधारला म्हणजे कामगारही सुधारेल, असा उपदेश या धंद्याचे सल्लागार मालकवर्गाला करीत असतात. उपदेशाचा पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग ही शुद्ध मखलाशी आहे. ती कशी, हे पाहण्यासाठी भांडवलशाहीच्या आद्य घराकडे, म्हणजे ब्रिटनकडे वळावे लागेल.

ब्रिटनमध्ये पेट्रोल पंपांच्या आवारात फिरत्या ब्रशांची मोटारधुलाईची यंत्रे दशकानुदशके होती. यंत्रयुगाच्या नियमाप्रमाणे त्यांची संख्या वाढत जायला हवी होती. घडले उलटेच. तेथील पेट्रोल विक्रेत्यांच्या संघटनेने दिलेल्या आकड्यांनुसार 2000 साली सुमारे 9,000 असलेली ही यंत्रे 2015 पर्यंत सुमारे 4,200 वर आली. त्यांच्या जागी आली ती हाताने मोटारी धुणारी केंद्रे: एखादे बंद पडलेले पेट्रोल पंपाचे आवार, एक प्रेशर पंप, काही बादल्या आणि पूर्व युरोपातून पोटासाठी आलेली पाच-सात माणसे. ब्रिटिश संसदेच्या पर्यावरणविषयक समितीने नोव्हेंबर 2018 मध्ये या प्रश्नावर अहवाल दिला, तेव्हा अशी केंद्रे 10,000 ते 20,000 असावीत असा अंदाज पुढे आला. ज्या देशात वाफेच्या यंत्राने औद्योगिक क्रांती घडवली, त्या देशात एकविसाव्या शतकात यंत्र हटले आणि माणसाच्या हाती फडके आले!

याचे कारण तांत्रिक नाही. ब्रशांचे यंत्र म्हणजे मोठी भांडवली गुंतवणूक. त्याचे ब्रश झिजतात, मोटर जळते, कुशल तंत्रज्ञ बोलवावा लागतो. परक्या देशात कायद्याचे संरक्षण न लाभलेला माणूस यापेक्षा स्वस्त पडतो आणि बिघडला तर दुरुस्त करावा लागत नाही, बदलता येतो. मार्क्सने 1867 साली ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात हीच गोष्ट नोंदवली होती. इंग्लंडमध्ये कालव्यांतील नावा ओढायला घोड्यांऐवजी कधी कधी स्त्रियांना जुंपत, कारण घोडा पोसण्याचा खर्च ठाऊक होता, आणि दारिद्र्याने पिचलेल्या स्त्रीचा खर्च हिशेबात धरण्याइतकाही नव्हता. भांडवल यंत्र आणते ते श्रम वाचवण्यासाठी नव्हे, मजुरी वाचवण्यासाठी. मजुरी आधीच नगण्य असेल तर ते यंत्र आणत नाही, असलेलेही मोडीत काढते.

आणि जेथे माणूस स्वस्त असतो तेथे माणसाभोवतीची उपकरणेही कवडीमोलाची असतात. 2015 च्या ऑगस्टमध्ये पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन भागात एका धुलाई केंद्रालगतच्या खुराड्यात राहणारा रुमानियन कामगार शॉवरखाली विजेचा धक्का बसून मरण पावला. दिवसभर दुसऱ्यांच्या मोटारी धुऊन तो स्वतःचे अंग धूत होता. मालकावर खटला झाला आणि सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला तुरुंगात जावे लागले. तो गेला हे ठीकच झाले. पण त्या खुराड्यातील विजेची जोडणी तपासण्याची गरज अपघातापूर्वी कोणालाच का वाटली नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या शिक्षेत नाही.

आपल्याकडे निराळे चित्र आहे असे समजण्याचे कारण नाही. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत हमरस्त्यावर ‘वॉशिंग सेंटर’ची पाटी दिसते. आत चार-सहा पोरे असतात. पंप नवा असतो, फोमची टाकी चकचकीत असते, कारण गिऱ्हाइकाला ती दिसते. गिऱ्हाइकाला जे दिसत नाही ते जुनेच राहते. पंपाच्या मोटरला अर्थिंग आहे की नाही, असले तर ते गंजून तुटले आहे का, गळती होताच वीज तोडणारा ई.एल.सी.बी. बसवला आहे का, याची चौकशी मालक करीत नाही आणि सरकारही करीत नाही. ज्या जागी पाणी, वीज आणि ओले हात अष्टौप्रहर एकत्र नांदतात, तेथे हे साधन पहिल्या दिवशी बसायला हवे. त्याची किंमत चांगल्या पंपाच्या किमतीपुढे किरकोळ आहे. काँप्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी रोज सोडले नाही तर टाकी आतून गंजते, आणि तिचा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला असेल तर ती फुटते. लिफ्टचा लॉक नीट बसत नसेल तर वर चढवलेली मोटार खाली उभ्या असलेल्या पोरावर येते. चाके चमकवण्याच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते कातडीतून आत उतरून हाडापर्यंत पोचते आणि वेदना कधी कधी काही तासांनी सुरू होतात. मोटारीच्या रंगाला त्यापासून जपण्याची दक्षता घेतली जाते, धुणाऱ्याला मात्र हातमोजे मिळतातच असे नाही.

यावर कायदा काय म्हणतो? 1948 च्या कारखाना कायद्याने उत्पादन प्रक्रियेची जी व्याख्या केली, तीत वस्तू धुणे आणि स्वच्छ करणे या क्रिया स्पष्ट शब्दांत घातल्या होत्या. उचलयंत्रे आणि दाबाखालील टाक्या यांची जाणकाराकडून मुदतीने तपासणी करून नोंद ठेवणे त्या कायद्याने सक्तीचे केले होते. पण हे सारे कोठे? विजेवर चालणाऱ्या कामात 10 वा अधिक कामगार असतील तेथे. चार-सहा पोरांचे केंद्र त्यातून आपोआप सुटले. राज्य कामगार विमा योजनेची रेषाही 10 चीच. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने 10 पेक्षा कमी कामगारांच्या मालकाला केवळ सूचना देऊन मोकळे होण्याची सवलत दिली. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आणलेल्या नव्या श्रम संहितेने कारखान्याची रेषा 10 वरून 20 वर नेऊन ठेवली. लिफ्टला मात्र खाली किती कामगार आहेत हे मोजता येत नाही. ती सहाजणांच्या केंद्रातही तितक्याच जोराने कोसळते.

पाण्याचे तेच. गाळ बसवण्याची टाकी, तेल वेगळे करणारा सापळा आणि पाणी पुन्हा वापरण्याची व्यवस्था, ही या धंद्यातील खरी आधुनिक उपकरणे होत. परंतु विंधनविहिरीचे पाणी फुकट आणि गटार समोरच, तेथे ती बसवणार कोण? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले होते. अशाच कोरड्या मुलखातून शहरात आलेला तरुण गोड्या पाण्याचा फवारा मोटारीच्या टायरवर मारीत उभा असतो. मार्च 2024 मध्ये बंगळूरला टंचाई असह्य झाली तेव्हा पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास 5,000 रुपये दंड जाहीर झाला. टंचाई येईपर्यंत थांबायचे आणि मग दंडाची पावती फाडायची, हीच आपल्या राज्यकर्त्यांची जलनीती!

आता एक आक्षेप. धुलाई केंद्राचा मालक हा काही टाटा-बिर्ला नव्हे. पुष्कळदा तो कर्ज काढून धंदा थाटलेला, भाड्याने आणि टँकरच्या दराने गांजलेला माणूस असतो. हे खरे आहे आणि कार्यकर्त्यांनी ते विसरू नये. अनेक ठिकाणी तो स्वतःच गन हातात घेतो. धक्का बसायचा तर त्यालाही बसेल. म्हणूनच अर्थिंग आणि लिफ्टची तपासणी नगरपालिकेच्या किंवा सहकारी पतसंस्थेच्या मदतीने, स्वस्तात आणि सामुदायिकरीत्या व्हावी, ही मागणी त्याच्याही हिताची आहे. पण मोटार कंपन्यांच्या नावाच्या पाट्या लावलेली भव्य सर्व्हिस स्टेशने आहेत, त्यांना ही सबब लागू पडत नाही. तेथेही धुलाईचे काम पुष्कळदा कंत्राटदाराच्या माणसांकडे दिलेले असते. यंत्र कंपनीचे, माणूस कंत्राटदाराचा. यंत्राच्या देखभालीचा वार्षिक करार असतो, माणसाला नेमणुकीचे पत्रही नसते.

विखुरलेल्या चार-सहाजणांची संघटना होऊ शकत नाही, हे जुने रडगाणे आहे. न्यूयॉर्कमध्ये 2012 साली मोटारी धुणाऱ्या कामगारांनी, ज्यांत बहुसंख्य लॅटिन अमेरिकेतून आलेले होते, एकेका केंद्रात मतदान घेऊन युनियन आणली. 2015 मध्ये शहराच्या कौन्सिलला या धंद्यासाठी परवान्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला. मालक न्यायालयात गेले. ते जाणारच होते. आपल्याकडे सुरुवात वॉर्डापासून करता येईल. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील केंद्रांची यादी करावी, कामगार किती, अर्थिंग आहे का, ई.एल.सी.बी. आहे का, लिफ्ट शेवटची कधी तपासली, सांडपाणी कोठे जाते, या पाच गोष्टी कामगारांनाच विचारून लिहून घ्याव्यात आणि ती यादी महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ व विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात एकाच दिवशी नेऊन द्यावी. सही करायला कामगार बिचकतील, तेथे सही शाखेने करावी. हे काम पावसाळ्यापूर्वी उरकले पाहिजे, कारण उघड्यावरच्या वायरींना पहिली सर लागते तेव्हा ही पोरे त्याच पाण्यात उभी असतात.