हिपॅटायटिस 'सी' : शरीराचे पहारेकरी थकतात तेव्हा

जळगाव/धुळे - कावीळ म्हटली की पिवळे डोळे, पिवळी लघवी आणि गावातल्या जाणत्याकडचे झाडपाल्याचे औषध, हा क्रम खान्देशाला नवा नाही. हिपॅटायटिस 'सी'चा विषाणू मात्र या ओळखीच्या वाटेने येत नाही. बहुतेक रुग्णांत सुरुवातीला कावीळ दिसतच नाही. वर्षानुवर्षे धडधाकट वाटणारा माणूस पोटात पाणी झाल्यावर किंवा रक्ताची उलटी झाल्यावर रुग्णालय गाठतो, तेव्हा यकृत बरेचसे निकामी झालेले असते.

या शांततेमागे रोगप्रतिकार यंत्रणा आणि विषाणू यांच्यातील प्रदीर्घ झुंज दडलेली आहे. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के व्यक्तींचे शरीर सहा महिन्यांच्या आत विषाणूला स्वतःहून हुसकावून लावते. उरलेल्या सुमारे ७० टक्के व्यक्तींत तो कायमचा मुक्काम ठोकतो.

विषाणू यकृताच्या पेशीत शिरताच ती पेशी इंटरफेरॉनच्या रूपाने धोक्याची सूचना देते. विषाणूचे एक विकर मात्र ही सूचना पुढे नेणारे प्रथिनच कापून टाकते. त्यानंतर रणांगणात उतरतात त्या टी पेशी. संसर्ग झालेल्या पेशी हेरून त्या नष्ट करणे हे त्यांचे काम. परंतु स्वतःच्या प्रती काढताना हा विषाणू सतत चुका करतो आणि त्या चुकांतूनच त्याचे रूप पालटत राहते. कालपर्यंत ओळखू येणारा शत्रू आज अनोळखी ठरतो.

झुंज लांबली की टी पेशी थकतात. त्यांच्या पृष्ठभागावर 'पीडी-१'सारखी, लगाम घालणारी प्रथिने वाढतात आणि त्यांची मारक शक्ती ओसरते. हा निव्वळ पराभव नव्हे. या पेशी पूर्ण ताकदीने लढत राहिल्या असत्या, तर विषाणूबरोबर यकृतही उद्ध्वस्त झाले असते. कारण यकृताची हानी प्रामुख्याने विषाणू थेट करीत नाही; ती त्याच्याविरुद्ध धुमसणाऱ्या दाहातून होते. या दाहामुळे यकृतात तंतुमय ऊती साचत जातात. २० वर्षांच्या काळात १५ ते ३० टक्के रुग्णांना सिऱ्हॉसिस गाठू शकतो आणि त्यातून पुढे कर्करोगाचा धोका उभा राहतो.

हे विज्ञान प्रयोगशाळेपुरते नाही. कोणती चाचणी कधी करावी, हे त्यावरूनच ठरते. प्रतिपिंडे तयार होण्यास साधारण दोन ते तीन महिने लागतात. या काळात केवळ प्रतिपिंडे शोधणारी चाचणी रक्तदात्याला निर्दोष ठरवू शकते. विषाणूचा थेट शोध घेणारी 'नॅट' चाचणी हा धोका बराच कमी करते; मात्र ती सर्वच रक्तपेढ्यांत होत नाही. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतील आदिवासी भागाच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आढळतात आणि त्यांच्यापैकी काहींना पुन्हा पुन्हा रक्त घ्यावे लागते. डायलिसिसवरील रुग्ण आणि निर्जंतुक न केलेल्या सुईला बळी पडणारे यांनाही हाच धोका आहे.

उलट बाजूही ध्यानात घ्यायला हवी. रोग बरा झाल्यावरही प्रतिपिंडे रक्तात राहतात. त्यामुळे ती आढळली म्हणजे रोग आहेच, असे नाही. त्यासाठी विषाणूच्या आरएनएची चाचणी आवश्यक ठरते.

सुदैवाने उपचार आता आवाक्यात आहेत. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने अनेक महिने घेऊनही यशाची खात्री नसे. सोफोसबुव्हिर व त्यासोबतच्या गोळ्यांनी साधारण १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. २०१५ पासून त्यांची स्वस्त जेनेरिक रूपे भारतात मिळू लागली. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत देण्याची तरतूद आहे.

तरीही दोन मर्यादा उरतात. विषाणू गेल्यावर टी पेशींना पूर्वीचे बळ पूर्णपणे परत मिळत नाही. थकव्याच्या खुणा त्यांच्यात राहतात. त्यामुळे पुन्हा संसर्ग होऊ शकतो. शिवाय यावर लस नाही. टी पेशींना आधीच सज्ज करणाऱ्या एका लसीच्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दीर्घकालीन संसर्ग रोखण्यात ती अपयशी ठरली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटिस 'सी'चे सुमारे ५५ लाख रुग्ण होते. अनेकांना आपल्या आजाराचा पत्ताच नसतो. धुळे आणि जळगाव, दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, गोळ्याही आहेत. थकलेल्या पेशी स्वतः हाक देत नाहीत. ज्यांनी कधी रक्त घेतले आहे, त्यांच्यापर्यंत तपासणीनेच पोचायला हवे. तिथे उशीर झाला, तर मोफत औषधही उशिराचेच ठरेल.