उशाखालची गोळी



गेल्या पावसाळ्यात रेशनकार्डाच्या कामासाठी आम्ही वस्तीतल्या एका मावशींकडे गेलो होतो. उशाशी गोळ्यांची पट्टी दिसली, म्हणून विचारले. मावशी म्हणाल्या, "भाऊ, हिच्याशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही. चार वर्षं झाली." डॉक्टरांनी दिल्या होत्या पंधरा दिवसांपुरत्या. पुढे दुकानदार जुन्याच चिठ्ठीवर देत राहिला. मध्यंतरी मावशींनी त्या एकदम बंद केल्या, तर हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली, झोप तर पार उडाली. पुन्हा गोळी सुरू!

आम्ही कॉमर्स शिकलेले कारकून. रसायनशास्त्र आमचा प्रांत नव्हे. पण ही गोळी आली कुठून, हे शोधावेसे वाटले आणि एका मोठ्या माणसाची ओळख झाली.

लिओ स्टर्नबाख यांचा जन्म 1908 सालचा. वडील औषधविक्रेते. लिओ पोलंडमधल्या क्राकोव्ह विद्यापीठात शिकले, 1931 मध्ये डॉक्टरेट झाले. पण ते ज्यू होते. बुद्धी असूनही जन्मामुळे पुढची वाट बंद होणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ते देश सोडून स्वित्झर्लंडला गेले आणि 1940 मध्ये रोश या औषध कंपनीत लागले. युरोपात हिटलरचे थैमान चालू असताना, 1941 मध्ये, कंपनीने त्यांना अमेरिकेत न्यू जर्सीला हलविले.

1950 नंतर कंपनीला मन शांत करणारे औषध हवे होते. स्टर्नबाख यांनी क्राकोव्हमध्ये तरुणपणी हाताळलेली संयुगे पुन्हा काढली. चाळीसेक पदार्थ बनविले, एकही उपयोगी ठरेना. वरिष्ठांनी दुसरे काम दिले. 1957 मध्ये प्रयोगशाळेची आवराआवर करताना सहकारी अर्ल रीडर यांना तपासायचा राहून गेलेला एक पदार्थ सापडला. फेकून न देता तो तपासणीला पाठविला, आणि तोच गुणकारी निघाला! 1960 मध्ये तो लिब्रियम नावाने बाजारात आला, 1963 मध्ये व्हॅलियम. आपल्याकडे काम्पोज म्हणतात, त्यातले औषध हेच. खास झोपेसाठी दिली जाणारी नायट्राझेपाम आणि फ्लुराझेपाम ही औषधेही स्टर्नबाख यांच्याच कामातून आली. 2005 मध्ये, वयाच्या 97 व्या वर्षी ते वारले.

त्यापूर्वी झोपेसाठी बार्बिट्युरेट जातीची औषधे देत. त्यांचा डोस थोडा जास्त झाला तरी माणूस दगावे. त्या मानाने ही नवी गोळी पुष्कळ सुरक्षित होती. म्हणून शोधाला दोष देऊ नये.

दोष आहे तो वापरात. मेंदूत शांत करणारे एक नैसर्गिक रसायन असते. गोळी त्याचा जोर वाढविते. पण रोज घेतली की मेंदू तिच्यावर विसंबतो. हे उसनवारीसारखे आहे. आज मिळालेली झोप उद्या व्याजासह फेडावी लागते. एकदम बंद केल्यास झटकेही येऊ शकतात. दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. म्हातारी माणसे रात्री उठताना तोल जाऊन पडतात.

आपल्या घरांत झोप उडायला कारणे थोडी नाहीत. रात्रपाळी, कर्जाचा हप्ता, तापलेले पत्रे, मुलीच्या लग्नाची काळजी. ही कारणे गोळी मिटवीत नाही. काही दिवसांची अडचण असेल तर ती जरूर मदत करते. मात्र डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस. शेजारणीची पट्टी मागून घेऊ नये, आपलीही देऊ नये.

मावशींना आम्ही सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रागावले नाही. गोळी हळूहळू कमी करण्याचा तक्ता लिहून दिला, दुपारची झोप आणि संध्याकाळचा चहा बंद करायला सांगितले. मावशी आता अर्ध्या गोळीवर आल्या आहेत. आज घरी गेल्यावर आपल्या आईवडिलांच्या उशाखाली एकदा पाहा. पट्टी सापडली तर ओढून घेऊ नका, त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.