गॅस? छे, वाफ!

‘गॅस संपला’ असं आपण बिनधास्त म्हणतो. केमिस्ट्रीला विचाराल, तर शेगडीत येते ती वाफ! प्रत्येक पदार्थाची तापमानाची एक रेषा असते. तिच्याखाली नुसत्या दाबाने द्रव होते ती वाफ. तिच्यावर कितीही दाबा, द्रव न होणारा तो गॅस. प्रोपेनची रेषा सुमारे ९७ अंश सेल्सिअस, मिथेनची उणे ८२. म्हणून रिक्षातला सीएनजी अस्सल गॅस. एलपीजी मात्र सिलिंडरमध्ये खाली द्रव, वर वाफ. म्हणूनच एकट्या राहणाऱ्या दोस्तांना माझं सांगणं: शेवटच्या चहासाठी सिलिंडर आडवा करू नका यार! द्रवच बाहेर येतो आणि वाफ होताना सुमारे २५० पट फुगतो. त्यापेक्षा टपरी गाठू. कटिंग माझ्याकडून!