व्हिडीओ काढला, पुढे काय?

आमच्या मीरा रोडला काय किंवा तुमच्या गावात काय, उलट्या दिशेने घुसणारी बाईक दिसली की चार मोबाइल बाहेर निघतात. व्हिडीओ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो आणि तिथेच जिरतो. "पोलिसांच्या लचांडात कोण पडणार?" ही आपली भीती. पण तक्रारच नसेल तर कारवाई कशी होणार?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार धोकादायक वाहन चालवण्याला पहिल्या गुन्ह्यातच सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यासाठी पुरावा मात्र पक्का हवा. गाडीचा नंबर, जागा, तारीख, वेळ लिहून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. मूळ व्हिडीओ फोनमधून पुसू नका. जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की अशा चित्रणाची नुसती प्रत चालत नाही, सोबत प्रमाणपत्र लागतं.

आणि हो, स्कूटी चालवताना शूटिंग नको गं बाई! हातात फोन धरून गाडी चालवणं याच कलमात बसतं. जिवावर बेतणारा प्रसंग असेल तर आधी ११२ फिरवा, व्हिडीओ नंतर.