पैठणची मातीची फौज आणि स्पार्टाचे तीनशे

मागच्या सत्रात आमच्यापैकी एकाच्या पदव्युत्तर वर्गात सातवाहनांचा विषय निघाला, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, 'सर, आपल्याकडे स्पार्टासारखे कोणी नव्हते का?' '३००' हा २००६ सालचा चित्रपट त्याने भ्रमणध्वनीवर पाहिला होता. प्रश्न भाबडा म्हणून सोडून देता आला असता. परंतु शेवगावात, पैठणपासून तासाभराच्या अंतरावर बसून तो विचारला गेला ह्याचे आम्हांला नवल वाटले, आणि त्यातील 'सारखे' ह्या शब्दाने पुढे बरेच दिवस आमचा पिच्छा पुरवला.

स्पार्टाची वीरगाथा आपल्यापर्यंत आली ती बहुतांशी परक्यांच्या तोंडून. हिरॅक्लीझच्या वंशातील जुळ्या भावांपासून निघालेली दोन राजघराणी, सातव्या वर्षी आईपासून तोडून छावणीत वाढवलेली मुले, हे सारे लिहून ठेवले ते हिरोडोटस, झेनोफन, प्लूटार्क ह्यांनी. त्यांपैकी एकही स्पार्टाचा नव्हे. सारे कायदे ज्याच्या नावावर आहेत त्या लायकर्गसचे चरित्र लिहिताना तर प्लूटार्क आरंभीच कबूल करतो की, ह्या पुरुषाविषयी निर्विवाद असे काहीच सांगता येत नाही. इ. स. पू. सातव्या शतकात तिथे टर्टियससारखा युद्धकवी होता, अल्कमनसारखा मुलींच्या समूहगानांचा कवीही होता. त्यानंतर मात्र स्पार्टाची वाणी जवळजवळ मुकी झाली.

आणि जे मुळातच मुके ठेवले गेले त्यांचे काय? स्पार्टाची शेती हेलट नावाचे बांधलेले लोक करीत. इ. स. पू. ४७९ मध्ये प्लॅटियाच्या रणात ५,००० स्पार्टन होते आणि त्यांच्यामागे ३५,००० हेलट, असा हिरोडोटसचा आकडा आहे. दरवर्षी अधिकारग्रहण करताना तेथील एफर ह्या हेलटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारीत, म्हणजे त्यांना ठार मारण्याचा दोष लागू नये. थर्मोपिलीच्या खिंडीत (इ. स. पू. ४८०) तीनशेंच्या बरोबर सातशे थेस्पियनही अखेरपर्यंत लढून पडले, हेलटही पडले. चित्रपटाच्या नावात त्यांना जागा झाली नाही.

आता आमच्या शेजारच्या राजाकडे वळू. शालिवाहनाची कथा ह्या गोदाकाठावर आजही आजीच्या तोंडून ऐकू येते. कुंभाराच्या घरी वाढलेला पोर मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करतो. उज्जयिनीचा विक्रम चालून येतो, तेव्हा त्या खेळण्यांत प्राण फुंकून त्याची दाणादाण उडवतो. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी 'विविधतीर्थकल्पा'त प्रतिष्ठानची ही कथा नोंदवली आहे. इतिहास म्हणून ती टिकत नाही. विक्रम आणि शालिवाहन ह्यांच्या नावांच्या कालगणनांत १३५ वर्षांचे अंतर आहे, आणि इ. स. ७८ चा शक संशोधक कनिष्काकडे किंवा चष्टनाकडे नेतात. (ज्यांना हरवल्याच्या आठवणीचा शक म्हणून आपण गुढी उभारतो, त्या शकांचेच नाव त्याला आहे, हे ऐकून वर्ग दरवर्षी हसतो.) पण कथा म्हणून तिच्यात एक शहाणपण आहे. फौज राजवाड्यात जन्मत नाही, कुंभाराच्या ओसरीवर जन्मते, हे ती विसरलेली नाही.

ऐतिहासिक सातवाहनांचा पराक्रम ज्या लेखातून कळतो, तो नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील लेख एका आईच्या नावाने आहे. गौतमी बलश्रीने नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी भिक्षूंना लेणे दान दिले आणि दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी ह्याचे स्मरण केले. हा लेख काही अहिंसेचे प्रकरण नव्हे. शक, यवन, पह्लवांचा विनाश, क्षहरात वंशाचा निःपात, क्षत्रियांचे गर्वहरण आणि वर्णसंकराला घातलेला बंध, सगळे त्यात अभिमानाने आले आहे. परंतु त्याच ओळींत असेही आहे की, अपराधी शत्रूचाही जीव घेण्यात ह्या राजाला रुची नव्हती. प्रजेचे सुखदुःख तो आपले मानी आणि कर धर्माने घेई. शब्द दरबारातील कोणी रचले असतील, आणि स्तुतीतील किती खरे मानावे हाही प्रश्नच आहे. तरी वीराची स्तुती करताना त्याच्या दयेचाही उल्लेख हवा असे त्या आईला, किंवा तिच्या रचनाकाराला, वाटले. ढाल टाकून परतू नकोस असे मुलाला बजावणारी स्पार्टन माता जगप्रसिद्ध आहे. पण ती आपल्याला भेटते प्लूटार्कने शतकांनंतर जमवलेल्या वचनांत.

ह्याच घराण्यातील हालाच्या नावावर 'गाथासप्तशती' आहे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये ती मराठीत आणली, तरी प्राचीन वाङ्मयाच्या इतिहासात आम्ही शिक्षकच तिला शृंगाराची पोथी म्हणून दोन परिच्छेदांत उरकतो. तिच्या पहिल्याच शतकात एक गाथा आहे. गावप्रमुखाच्या मुलाची छाती वार झेलून खडबडीत झालेली. त्या छातीवर डोके टेकून त्याच्या बायकोला कशीबशी झोप लागते, गाव मात्र सुखाने झोपते. वीरसंस्कृतीविषयी ह्याहून नेमके विधान आम्ही तरी वाचलेले नाही. पराक्रम खोटा ठरवलेला नाही, गाव त्याच्याच जिवावर झोपले आहे. फक्त त्याची किंमत कोणाच्या झोपेतून वळती झाली, तेवढे कवी सांगून मोकळा होतो.

आमची तक्रार आहे ती इथे. वक्तृत्व स्पर्धांत, जयंतीच्या फलकांवर, आणि अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांतही आपले राजे उत्तरोत्तर स्पार्टन होत चालले आहेत: आवळलेल्या मुठी, गर्जना आणि शत्रूंची मोजदाद. कुंभाराचे घर, आईचा लेख, बायकोची अपुरी झोप हे परंपरेने जपलेले सारे गाळून उरलेल्यालाच आपण परंपरा म्हणू लागलो आहोत. परक्यांनी स्पार्टाचे जे केले, ते आपण आपल्या हाताने आपलेच करतो आहोत.

ह्या सत्रात नाशिकचा लेख आणि ती गाथा आम्ही शेजारी ठेवून वाचावयास घेतली आहे. मूळ प्राकृत वाचून दाखवण्याचे काम प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याकडेच दिले. 'पल्ली' ह्या शब्दाशी तो अडला. पल्ली म्हणजे वस्ती, असे सांगितल्यावर क्षणभर थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. तो रोज एका वस्तीवरूनच महाविद्यालयात येतो.