खडी आणि पाण्याची वाट



इंग्लंडात सेव्हर्न व्हॅली ही जुनी, जपलेली रेल्वे आहे. २००७ च्या जूनमधील अतिवृष्टीत तिचे भराव वाहून गेले. पूर्ण मार्ग २००८ च्या मार्चमध्येच सुरू झाला.

अशा रेल्वेंवर खडी टाकायला जुन्या वाघिणी अजून वापरतात. त्यांना नावे माशांची! ‘डॉगफिश’चे पोट खाली निमुळते. माणूस हाताने चाक फिरवतो, तळाची झडप उघडते, खडी रुळांवर पडते. मागच्या ‘शार्क’ डब्याखालचा नांगर ती सारखी करतो.

खडीतून पाणी निचरते, म्हणून रूळ बसत नाहीत. तुमच्या बांधाचेही तसेच. पाणी कोंडले की बांध फुटतो आणि मातीही जाते. मृगाआधी दगडी सांडवा दुरुस्त करून घ्या.