राखणदार फितूर होण्यापूर्वी



पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येते, दाढ सुजली की जबड्याखाली गाठ लागते. शेतात राबणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. या गाठी म्हणजे शरीराच्या राखणीच्या चौक्या. वैद्यकशास्त्र त्यांना लसिकाग्रंथी म्हणते. तेथे पांढऱ्या पेशींचा पहारा असतो. जखमेकडून वाहत आलेले जंतू त्या ओळखतात आणि मारतात. अशा शेकडो चौक्या शरीरात आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा मानेतच आहेत.

तोंडाच्या कर्करोगाच्या पेशीही याच वाटेने मानेत उतरतात. मग पहारेकरी त्यांना मारत का नाहीत? काहींना मारतातही. परंतु कर्करोगाची पेशी बाहेरून आलेली नसते, ती आपलीच बिघडलेली पेशी असते. घरच्या माणसाची खूण दाखवून ती पहारेकऱ्याचा हात थोपवते. पुढे काही पांढऱ्या पेशी तिचीच पाठराखण करू लागतात. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार आहे. अशी चौकी एकदा पडली की रोगाला पुढची वाट मोकळी होते.

म्हणूनच तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबर मानेतल्या गाठीही काढाव्यात, असे डॉक्टर सुचवतात. येथे घरची मंडळी अडतात. "मानेत काही लागत नाही, मग मान कशाला चिरायची? आणि राखणदारच काढले तर प्रतिकारशक्ती कशी राहील?" शंका रास्त आहे. तिचे उत्तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने दिले आहे. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली ५०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांचा रोग सुरुवातीचा होता, मानेत हाताला गाठ लागत नव्हती. काहींच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, इतरांच्या गाठ दिसल्यावर. तीन वर्षांनी पहिल्या गटात शंभरांतील ८० जण जिवंत होते, दुसऱ्या गटात ६७ ते ६८. शंभर घरांमागे बारा-तेरा कर्ती माणसे वाचली, हा फरक लहान नव्हे. शिवाय आधीच काढलेल्या ग्रंथी तपासल्या तेव्हा दहांतल्या सुमारे तिघांत रोग सापडला. हाताला न लागणारी गाठ निर्दोष असतेच असे नाही.

मानेच्या एका बाजूच्या ग्रंथी गेल्या तरी बाकीच्या चौक्या काम करीत राहतात. खांदा काही काळ दुखतो, हात वर उचलणे जड जाते. औत धरणाऱ्याला ही अडचण खरीच, पण व्यायामाने बराच फरक पडतो.

थोपवलेल्या पहारेकऱ्याला पुन्हा जागे करणारी औषधे आता आहेत. ती महाग असतात. निव्होलुमॅब या औषधाची नेहमीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी मात्रा इतर औषधांबरोबर देऊन टाटा रुग्णालयानेच पाहिले. बरा होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांत वर्षभर जगणारे शंभरांत १६ होते, ते ४३ झाले. गरिबासाठी ही मोठी गोष्ट आहे. परंतु त्या भरवशावर वेळ दवडणे म्हणजे पीक करपल्यावर विहीर खणणे होय.

२०१२ साली मध्य प्रदेशाने देशात सर्वांआधी गुटख्यावर बंदी घातली. तरी पानमसाल्याची पुडी आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी घेऊन तळहातावर एकत्र करणारे हात आपण रोज पाहतो. चिमूट सुटणे हाच पहिला उपाय. दुसरा उपाय म्हणजे दर महिन्याला उजेडात आरशासमोर तोंड उघडून पाहणे. पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे, मानेत न दुखणारी टणक गाठ, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही म्हणून साधे आहे, असे समजू नका. पिपलानीहून साकेतनगरचे एम्स दूर नाही, ईदगाह टेकडीवर जवाहरलाल नेहरू कर्करोग रुग्णालय आहे.

"सोयाबीन निघाले की जाऊ, गहू पेरला की जाऊ" असे म्हणण्यात हंगाम निघून जातो. पेरणी शेजारीही करून देईल. डॉक्टरांकडे मात्र ज्याचे त्यानेच जायचे असते, आणि त्यांनी मानेचीही शस्त्रक्रिया सुचवली तर घरच्यांनी अडवू नये, एवढेच माझे आग्रहाचे सांगणे आहे.